जुन्या रोड बाइकला ‘लाँग रीच’ ब्रेक: नाव विसरा, मिलिमीटर मोजा

जुनी स्टीलची रोड बाइक, म्हणजे रस्त्यावर वेगात पळवायची सायकल, हाताशी आली की पहिले काही दिवस मजेत जातात. गंज घासायचा, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरायचं, चेन आणि टायर बदलायचे. मग गाडी पळायला लागते आणि पहिल्याच उतारावर लक्षात येतं की ती थांबत नाही. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबली तरी चाक आपल्याच नादात फिरत राहतं.

नवे ब्रेक घ्यायचे ठरवून शोधायला बसलं की समोर तीन नावं येतात: शॉर्ट रीच, मिड रीच, लाँग रीच. जुन्या सायकलला लांब ब्रेक लागतात एवढं कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून माणूस ‘लाँग रीच’ लिहिलेला जोड उचलतो. मीही तेच केलं. घरी आणून बसवला, ब्रेकचे गुटके खाचेत अगदी तळापर्यंत सरकवले, आणि तरीही गुटक्याची वरची कड रिमवर नव्हे, टायरवर घासत होती. चार मिलिमीटर कमी पडले होते. डब्यावर ‘लाँग’ लिहिलं होतं आणि ते खोटंही नव्हतं.

मग घोटाळा कुठे झाला?

रीच म्हणजे कुठून कुठपर्यंत

कॅलिपर ब्रेक म्हणजे टायरला वरून कवेत घेणारी पक्कड. पुढचा ब्रेक चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) माथ्यावर, मागचा सीटखालच्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीवर, प्रत्येकी एकाच बोल्टने लटकतो. केबल वरून खेचली की खाली दोन्ही बाहू आत येतात आणि गुटके रिमच्या कडेला दाबतात.

बोल्टच्या मध्यापासून गुटक्याच्या मध्यापर्यंतचं सरळ खाली मोजलेलं अंतर म्हणजे रीच. गुटका बाहूवरच्या उभ्या खाचेत वर-खाली सरकतो, म्हणून प्रत्येक ब्रेकचा रीच एक आकडा नसून पट्टा असतो. ‘४७ ते ५७ मिमी’ असं लिहिलेलं असेल तर खाचेच्या वरच्या टोकाला गुटका ४७वर बसतो आणि खालच्या टोकाला ५७वर.

फ्रेमची बाजूही तितकीच सरळ आहे. ब्रेकचं भोक कुठे आहे हे फ्रेम बनवणाऱ्याने ठरवून टाकलंय, रिम कुठे येणार हे चाकाच्या मापाने ठरतं. या दोहोंमधलं अंतर ब्रेकच्या पट्ट्यात बसलं तर ब्रेक लागू पडतो, नाहीतर नाही. यात आवडीनिवडीला फारसा वाव नाही. चपलेसारखं आहे, पाय ठरवतो.

‘लाँग’ म्हणजे नक्की किती?

कोण बोलतंय आणि कोणत्या काळात, त्यावर अवलंबून. माझा पाय इथेच घसरला.

आजच्या रोड बाइकचे नेहमीचे ब्रेक साधारण ३९ ते ४९ मिमीचे. पुढचा गट ४७ ते ५७ मिमीचा. टेक्ट्रो कंपनीचा आर ५३९ आणि शिमानो कंपनीचा बीआर-आर ६५० या गटातले. कुणी याला ‘मिड’ म्हणतं, कुणी ‘लाँग’, कारण रेसिंगच्या ब्रेकशेजारी ठेवला तर तो लांबच दिसतो. त्याहून पुढे ५५ ते ७३ मिमीचा गट आहे, त्यात टेक्ट्रोचा आर ५५९ बहुतेकांच्या ओळखीचा. यालाही नाव ‘लाँग’च. म्हणजे एकाच शब्दाखाली दोन वेगळी मापं विकली जातात.

१९७०च्या दशकातल्या माणसाला ही नावं ऐकवली असती तर तो हसला असता. आज ज्याला आपण लांब म्हणतो ते ४७–५७चं माप तेव्हा रोड बाइकवर अगदी साधं मानलं जाई. त्या काळच्या बऱ्याच फ्रेममध्ये मडगार्ड आणि सव्वा इंची टायर दोन्ही मावतील एवढी मोकळीक ठेवलेली असे. पुढे रेसिंगच्या नादात फ्रेम आवळत गेल्या, टायर बारीक झाले, ब्रेक आखूड झाले. सगळी मोजपट्टीच आखूड झाल्यावर मधलं माप आपोआप ‘लांब’ ठरलं.

तेव्हा डब्यावरचा शब्द सोडा, आकडे वाचा. आकडे दिलेले नसतील तर तो ब्रेक घेऊच नका.

मोजायचं कसं

स्टीलची फूटपट्टी लागते, आणि जे चाक पुढे खरंच वापरणार आहात ते चाक. जुना ब्रेक काढा. चाक नीट बसवा, नट आवळा. ब्रेकच्या भोकाचा मध्य धरा आणि तिथून रिमच्या कडेवरच्या सपाट पट्टीच्या, म्हणजे जिथे गुटका घासतो त्या पट्टीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा.

टायर मध्ये येतो आणि फूटपट्टी तिरकी होते. तिरकं माप नेहमी जास्त भरतं आणि इथे दोन-तीन मिलिमीटरनेही खेळ बिघडतो. मी एक साधी युक्ती करतो: भोकातून पेन्सिल किंवा लांब बोल्ट आरपार घालायचा, फूटपट्टी त्याला टेकवून टायरच्या पुढून उभी धरायची आणि रिमच्या पट्टीच्या मध्याची उंची डोळ्याने तिच्यावर आडवी आणायची. टायरची हवा सोडली तर आणखी सोपं.

पुढचं आणि मागचं माप वेगवेगळं घ्या. ते बहुधा सारखं नसतं, मागचं बऱ्याचदा काही मिलिमीटर जास्त निघतं. जुन्या फ्रेमला मागे आडव्या, लांब खाचा असतात आणि चाक त्यात पुढे-मागे सरकतं. मागे ओढलं की रिम ब्रेकच्या भोकापासून लांब जाते. म्हणून चेन ताणून चाक जिथे पक्कं होणार, तिथे ठेवूनच मोजायचं. माझ्या सायकलीचं माप पुढे ६१ आणि मागे ६४ निघालं. मी ५७च्या ब्रेकने ६१ गाठायला निघालो होतो, आणि कमी पडलेले चार मिलिमीटर हेच.

चाक बदललं की हिशोब बदलतो

जुन्या रोड बाइकवर अनेकदा २७ इंची चाकं असतात. ब्रिटन-अमेरिकेकडच्या हौशी रोड बाइकवर १९८०च्या दशकापर्यंत ती सर्रास येत. आज बहुतेक जण ती काढून ७००सी बसवतात, कारण त्या मापात टायर-रिमची निवड कितीतरी जास्त आहे.

नावं पाहून कोण मोठं, कोण लहान ते कळत नाही. टायरच्या बाजूला ‘२८-६२२’ असा जोडआकडा असतो, त्यातला दुसरा आकडा पाहा. रिमवर टायर जिथे बसतो तिथला तो व्यास, मिलिमीटरमध्ये. ७००सी म्हणजे ६२२ आणि २७ इंची म्हणजे ६३०. व्यासात ८चा फरक, म्हणजे त्रिज्येत ४चा. ब्रेकला त्रिज्येशीच देणंघेणं असल्यामुळे २७ इंची काढून ७००सी घातली की रिम ४ मिमी खाली जाते आणि रीच तेवढाच वाढतो. माझे ६१ आणि ६४ झाले ६५ आणि ६८.

हल्ली काही जण याच्याही पुढे जातात आणि गुबगुबीत टायर बसावेत म्हणून ७००सीच्या फ्रेमला ६५०बीची चाकं लावतात. ६५०बीचा आकडा ५८४. ६२२मधून वजा केले की ३८, त्याचे निम्मे १९. ज्या फ्रेमला ५० मिमी लागत होते तिला एकदम ६९ लागतात. इथे ४७–५७चा गट बादच होतो, ५५–७३चा मात्र बसतो. आधी ब्रेक घेऊन मग चाकं बदलणाऱ्यांना दोनदा खर्च पडतो तो यामुळे.

मग सरळ सगळ्यात लांबच घेऊन ठेवला तर?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. आखूड शर्ट घट्ट होतो, सैल शर्ट कसाही चालतो, असा त्यामागचा हिशोब. ब्रेकच्या बाबतीत तो फसतो, कारण पट्ट्याला खालची मर्यादा असते तशी वरचीही असते. ५५–७३चा ब्रेक ५०च्या फ्रेमवर लावलात आणि गुटका खाचेत सगळ्यात वर नेलात तरी तो रिमच्या पाच मिलिमीटर खाली राहणार. त्याचा बराच भाग रिमच्या खाली लोंबतो. जोरात ब्रेक दाबला तर तो रिमखालून आत घसरून स्पोकमध्ये जाऊ शकतो, आणि पुढच्या चाकात असं झालं तर माणूस हँडलवरून जातो. टायरवर घासणारा गुटका टायर कापून ट्यूब फोडतो, रिमखाली घसरलेला गुटका चाकच अडकवतो. दोन्ही वाईट, दुसरं जास्त.

५५ ते ५७ या चिंचोळ्या भागात मात्र दोन्ही गट लागू पडतात. तिथे पुढे चाकाचं माप बदलायचं नसेल तर मी ४७–५७चा घेतो, कारण तो सुटसुटीत असतो. २७ इंचीवरून ७००सीवर जायचा विचार मनात असेल तर लांबचा घ्यावा.

आणि एक गोष्ट कृपा करून करू नका: एक-दोन मिलिमीटरसाठी कानस घेऊन ब्रेकची खाच खाली वाढवणं. खाचेच्या तळाशी उरलेला धातूच गुटक्याला धरून असतो.

लांब ब्रेक कमजोर असतात म्हणे?

या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते निम्मंच सांगितलं जातं.

पक्कड घ्या. तार सांध्याजवळ धरली तर सहज तुटते, टोकाशी धरली तर हात दुखतो. हात तेवढाच, जोर तेवढाच, पण सांध्यापासून जितकं लांब जावं तितका टोकाला मिळणारा जोर घटतो. ब्रेकचंही तसंच. वरचा बाहू, जिथे केबल ओढते तो, तेवढाच ठेवून खालचा ४५ मिमीवरून ६५वर नेला तर गुटक्यावरचा जोर ४५ भागिले ६५, म्हणजे सुमारे ७० टक्केच उरतो.

दुसरी अडचण वाकण्याची. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलाच्या कडेबाहेर दहा सेंटिमीटर काढून टोक दाबा, मग वीस सेंटिमीटर काढून तेवढ्याच जोराने दाबा. दुप्पट लांबीला वाक दुप्पट येत नाही, आठपट येतो, कारण तो लांबीच्या घनाने वाढतो. एकाच धातूचा, एकाच जाडीचा बाहू ४५वरून ६५ मिमी केला की वाक सुमारे तिप्पट होतो. जुन्या लांब ब्रेकची लिव्हर दाबताना स्पंज दाबल्यासारखं वाटतं त्याचं मोठं कारण हे. आपण दाबतो, आणि आपल्या जोराचा काही भाग बाहू वाकवण्यात जातो.

उरलेलं निम्मं असं की हे कारखानदारांनाही ठाऊक आहे. आजच्या लांब ब्रेकचे बाहू जाड असतात, वरचा बाहूही त्या प्रमाणात वाढवलेला असतो, आणि रचना ‘ड्युअल पिव्हट’ असते. जुन्या साध्या ब्रेकमध्ये दोन्ही बाहू मधल्या एकाच बोल्टवर फिरत. ड्युअल पिव्हटमध्ये एक बाहू मध्यावर फिरतो आणि दुसरा बाजूच्या वेगळ्या खिळीवर. त्यामुळे तेवढ्याच बोटाच्या जोरात गुटके जास्त आवळले जातात आणि ब्रेक एका बाजूला कलत नाही. शिमानोने १९९०च्या सुमारास ही रचना रोड बाइकवर रुळवली आणि थोड्याच वर्षांत जुनी पद्धत मागे पडली. १९७०च्या दशकातल्या लांब ब्रेकच्या आठवणीवरून आजच्या लांब ब्रेकची परीक्षा करू नये, ती याचसाठी.

जास्त जोराची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते. गुटके रिमच्या अगदी जवळ ठेवावे लागतात. चाक जरा आउट असेल, म्हणजे फिरताना डावी-उजवीकडे डुलत असेल, तर प्रत्येक फेऱ्याला एकदा खर्र वाजतं. नवे ब्रेक लावायच्या आधी चाकाचा आउट काढून घ्या, नाहीतर दोष ब्रेकला जातो.

बोल्टचा घोळ

रीच जुळला, ब्रेक घरी आला, आणि बोल्टच बसत नाही, असंही होतं. जुन्या चिमट्याला पुढून मागे एकसारखं ६ मिमीच्या बोल्टाचं भोक असतं. ब्रेकचा लांब बोल्ट आरपार जातो आणि मागून साधा नट लागतो. नव्या पद्धतीत बोल्ट आखूड असतो. मागच्या बाजूचं भोक ८ मिमीचं असतं, त्यात नळीसारखा लांबट नट आत जातो आणि तो अॅलन-कीने फिरवतात. नवा ब्रेक जुन्या चिमट्यात घातला की बोल्ट मागे पोहोचत नाही आणि नळी-नट आत शिरत नाही.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे साध्या नटाचा प्रकार मागणं. आर ५५९सारखे काही ब्रेक दोन्ही प्रकारांत येतात. मागताना ‘जुन्या पद्धतीचा, बाहेरच्या नटाचा’ असं स्पष्ट सांगावं, कारण न सांगता नव्या पद्धतीचाच मिळण्याची शक्यता जास्त.

तो मिळाला नाही तर दोन वाटा आहेत. पुढे, चिमट्याच्या माथ्याच्या फक्त मागच्या भिंतीतलं भोक ८ मिमी करायचं. पुढच्या भिंतीला हात लावायचा नाही. माथा भरभक्कम स्टीलचा असेल तर हे निभावतं. मागच्या आडव्या पट्टीवर मात्र ड्रिल चालवण्याची माझी तयारी नसते, कारण ती बारीक नळी असते. तिथे जुनी युक्ती चालते: पुढच्या ब्रेकचा बोल्ट मागच्यापेक्षा लांब असतो, म्हणून दोन्ही ठिकाणी पुढचाच ब्रेक घ्यायचा. मागच्या पट्टीतून तो आरपार निघतो आणि साधा नट लागतो. गोल नळीवर ब्रेक हलू नये म्हणून मध्ये एका बाजूने खोलगट असा वायसर घालायला विसरू नका.

कोणताही नट असो, निदान पाच-सहा आटे तरी पकडले पाहिजेत. आवळण्याचं माप ८ ते १० न्यूटन-मीटर. दोन आट्यांवर लटकलेला ब्रेक उभ्या सायकलवर अगदी व्यवस्थित दिसतो.

लिव्हर जुनी चालेल का?

बहुतेक वेळा चालते. खाली वळलेल्या हँडलच्या जुन्या लिव्हर कॅलिपरसाठीच बनलेल्या असतात, केबल वरून निघणाऱ्या असोत की हँडलच्या पट्टीखालून जाणाऱ्या. दोन ठिकाणी जपायचं. सरळ हँडल लावलं असेल तर व्ही-ब्रेकची (माउंटन बाइकवरच्या लांब, उभ्या बाहूंच्या ब्रेकची) लिव्हर घेऊ नका. ती जवळपास दुप्पट केबल खेचते आणि त्याच प्रमाणात जोर घालवते. दाबायला घट्ट लागते, म्हणून फसवा विश्वासही वाटतो. आणि २००८पासून शिमानोने आपल्या रोड लिव्हरमधलं केबल खेचण्याचं प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवलंय. ती नवी लिव्हर आणि जुन्या प्रमाणाचा कॅलिपर अशी जोडी लावली तर गाडी थांबते, पण हात जास्त दाबावा लागतो.

केबल आणि तिचं बाहेरचं कव्हर नवं घाला. यावर जास्त लिहायची गरज नाही.

जुनेच ब्रेक ठेवले तर नाही का चालणार?

चालेलही. ब्रेक बदलण्याआधी रिमकडे पाहा. क्रोमची स्टील रिम असेल तर ओल्या रस्त्यावर कुठलाही कॅलिपर हतबल होतो. चकचकीत पृष्ठभागावर पाण्याचा थर बसतो आणि गुटका त्यावरून घसरत राहतो. अॅल्युमिनियमची रिम घातली तर त्याच जुन्या ब्रेकने फरक पडतो, आणि तो नव्या कॅलिपरने पडणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो असा माझा अनुभव आहे. गुटके वीस-तीस वर्षांचे असतील तर रबर कडक होऊन नखही रुतत नाही. आधी ते बदला. हे दोन्ही करून भागलं नाही तर कॅलिपर.

डिस्क ब्रेकचा सल्लाही मिळतो. त्यासाठी चिमट्याला आणि फ्रेमला बैठक हवी, हब वेगळे हवेत, आणि जुना बारीक चिमटा एका पायावर खालून पडणाऱ्या ताणासाठी बनवलेलाच नसतो. म्हणजे नवा चिमटा, नवी चाकं, फ्रेमवर वेल्डिंग. एवढं करायचं तर जुनी फ्रेम कशाला ठेवायची, ते मला कळलेलं नाही.

बसवल्यानंतर

रस्त्यावर न्यायच्या आधी जागेवर उभं राहून दोन्ही लिव्हर सगळा जोर लावून दहा-दहा वेळा दाबा. कुठे काही सरकणार असेल तर ते इथेच सरकू दे. मग गुटक्याची जागा पुन्हा पाहा. पूर्ण गुटका रिमच्या पट्टीवर असला पाहिजे आणि टायरपासून निदान एक मिलिमीटर खाली.

ही जागा कायम राहत नाही. गुटका झिजतो तसा बाहू आणखी आत येतो, आणि गोल फिरत आत येत असल्यामुळे त्याची उंचीही बदलते. ड्युअल पिव्हटमध्ये गंमत अशी की मध्यावर फिरणाऱ्या बाहूचा गुटका झिजताना खाली सरकत जातो आणि बाजूच्या खिळीवर फिरणाऱ्याचा वर, टायरकडे. बसवताना दोन्ही एका उंचीवर असतात, काही महिन्यांनी नसतात. माझ्या सायकलीवर पुढे ५५–७३चा ब्रेक आहे, गुटके ६५वर, खाचेच्या जवळपास मध्यावर. गेल्या वेळी चाक काढलं तेव्हा एका बाजूच्या गुटक्याला खालच्या कडेला पातळसा ओठ आला होता, रिमच्या खाली गेलेला. ब्लेडने तो ओठ कापला आणि गुटका एक मिलिमीटर वर घेतला. दुसऱ्या बाजूचा तेवढाच खाली.